फणसाड वन्यजीव अभयारण्य

फणसाड वन्यजीव अभयारण्य हे महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या मुरुड आणि रोहा या तालुक्यांत, समुद्रकिनाऱ्यालगतच्या डोंगरांवर पसरलेले संरक्षित क्षेत्र आहे. त्याची स्थापना १९८६ साली झाली. अभयारण्याचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस किलोमीटर असून सुपेगाव (तालुका मुरुड) हे त्याचे प्रमुख प्रवेशस्थान आहे. स्वातंत्र्यापूर्वी हे जंगल जंजिरा संस्थानच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते. किनारपट्टीच्या इतक्या जवळ असूनही दाट राहिलेले वन, उन्हाळ्यातही न आटणारे नैसर्गिक पाणवठे, शेकरू, बिबट्या, सांबर, पिसोरी यांसारखे प्राणी आणि गिधाडांचा अधिवास यांसाठी हे अभयारण्य ओळखले जाते.

## नावाची व्युत्पत्ती

अभयारण्याला 'फणसाड' हे नाव जंगलातील 'फणसाड गाण' या पाणवठ्यावरून पडले. 'गाण' हा या परिसरातील बोलीत पाणवठ्यासाठी वापरला जाणारा शब्द आहे. डोंगराच्या घळीत किंवा ओढ्याच्या पात्रात साचून राहणाऱ्या आणि बहुधा बारमाही टिकणाऱ्या पाण्याला गाण म्हणतात. चिखलगाण आणि धरणाची गाण ही अशीच आणखी काही नावे होत. एका मोठ्या वनक्षेत्राला शिखराचे, देवस्थानाचे किंवा गावाचे नाव न मिळता पाणवठ्याचे नाव मिळावे, यावरून या जंगलात पाण्याचे महत्त्व किती आहे याची कल्पना येते.

## भूगोल आणि हवामान

उत्तरेला कुंडलिका नदीची रेवदंडा खाडी, दक्षिणेला राजपुरीची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र यांच्या दरम्यान जो डोंगराळ प्रदेश आहे, त्यात हे अभयारण्य येते. हे डोंगर सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून अलग, किनाऱ्याला समांतर पसरलेले आहेत. घाटमाथ्याच्या मानाने त्यांची उंची कमी आहे. तथापि उतार तीव्र, घळी खोल आणि झाडी दाट असल्यामुळे आत शिरल्यावर समुद्र जवळ असल्याची जाणीव राहत नाही. डोंगरांच्या माथ्यावर ठिकठिकाणी सपाट गवताळ जागा आहेत. त्यांना स्थानिक लोक 'माळ' म्हणतात.

दख्खनच्या पठाराप्रमाणेच येथील मूळ खडक काळा कातळ म्हणजे बेसाल्ट हा असून काही भागांत त्यावर जांभ्याचा थर आढळतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुसळधार पाऊस पडतो. रायगड जिल्ह्याची वार्षिक सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आहे. मात्र उतारांवरून हे पाणी वेगाने समुद्राला मिळत असल्यामुळे मार्च महिन्यापासून बहुतेक ओहोळ कोरडे पडतात. एकीकडे अतिवृष्टी आणि दुसरीकडे आठ महिन्यांचा कोरडा काळ, अशी या वनाची स्थिती आहे.

## इतिहास

### संस्थानकाळ

मुरुडजवळील जंजिरा किल्ल्यावर सत्ता असलेल्या सिद्दी घराण्याचे जंजिरा संस्थान ब्रिटिश काळातही टिकून होते. सिद्दी अहमदखान (कारकीर्द १८७९ ते १९२२) आणि त्यांच्यानंतर सिद्दी मुहम्मदखान हे अखेरच्या काळातील नवाब होत. फणसाडचे जंगल नवाबांच्या शिकारीसाठी राखीव होते. शिकारीचे जनावर टिकावे म्हणून जंगल राखणे आवश्यक होते. त्यामुळे लाकूडतोड आणि इतरांकडून होणारी शिकार यांवर निर्बंध राहिले. किनाऱ्यावरील इतर डोंगर इमारती लाकूड, कोळसा आणि जळण यांसाठी उघडे पडत असताना हा टापू तुलनेने शाबूत राहिला, त्याचे एक कारण या राखीव व्यवस्थेत आहे.

याच डोंगराळ भागात मुरुडजवळ गारंबी येथे संस्थानने धरण बांधले आणि तेथून मुरुड गावाला पाणी पुरविले. वनाच्छादित डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी वसलेल्या वस्तीचे पिण्याचे पाणी यांचा संबंध त्या काळापासून दिसून येतो.

### स्वातंत्र्योत्तर काळ

१९४८ साली जंजिरा संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि त्याचा प्रदेश तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात समाविष्ट झाला. (१९८१ साली या जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले.) संस्थान गेल्यावर शिकारीच्या राखीव जंगलाला कायदेशीर संरक्षणाची वेगळी चौकट आवश्यक होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे ती उपलब्ध झाली आणि १९८६ साली फणसाडला अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. प्रशासकीयदृष्ट्या हे अभयारण्य महाराष्ट्र वन विभागाच्या ठाणे वन्यजीव विभागाकडे आहे.

### निसर्ग चक्रीवादळ

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, रोहा आणि अलिबाग या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा, घरे आणि विजेचे खांब यांची मोठी हानी झाली. फणसाडमध्येही अनेक जुने, उंच वृक्ष उन्मळून पडले. अशा वादळात जंगलाची हानी केवळ पडलेल्या झाडांच्या संख्येने मोजता येत नाही. उंच झाडांच्या एकमेकांत गुंतलेल्या फांद्या हा शेकरूसारख्या वृक्षवासी प्राण्यांचा रस्ता असतो, तर जुनी पोकळ खोडे धनेश, घुबडे आणि उदमांजरे यांची घरे असतात. झाडे पडल्यावर हा रस्ता जागोजागी तुटतो. मोकळ्या झालेल्या जागेत प्रथम झुडपे आणि वेली वाढतात. पुन्हा सलग छत्र तयार होण्यास काही दशके लागतात.

## पाणवठे

अभयारण्यातील प्राण्यांचे उन्हाळ्यातील वास्तव्य मुख्यतः नैसर्गिक पाणवठ्यांवर अवलंबून असते. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या आरंभी पाणी सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे प्राणी जंगलभर विखुरलेले असतात. फेब्रुवारीनंतर ओहोळ आटू लागले की ते गाणींच्या आसपास एकवटतात. ज्या पाणवठ्यावर सांबर आणि भेकर येतात, त्याच पाणवठ्यावर बिबट्याही येतो. पक्ष्यांची वर्दळ सकाळी आणि संध्याकाळी असते. पाणवठ्याकाठच्या ओल्या मातीत उमटलेले खुरांचे आणि पंजांचे ठसे हा प्राण्यांच्या वावराचा विश्वसनीय पुरावा मानला जातो.

वन विभाग नैसर्गिक पाणवठ्यांतील गाळ काढणे, ओहोळांवर लहान बंधारे घालणे आणि आवश्यकतेनुसार कृत्रिम पाणवठे भरणे अशी कामे करतो. पाणवठा आटल्यास प्राणी पाण्यासाठी गावांच्या विहिरींकडे आणि वस्तीकडे वळतात. त्यामुळे जंगलातील पाणी टिकविणे हा मनुष्य आणि वन्यप्राणी यांच्यातील संघर्ष टाळण्याचाही उपाय ठरतो.

## वनस्पती

येथील वन निमसदाहरित आणि आर्द्र पानझडी या दोन्ही प्रकारांचे मिश्रण आहे. घळींत आणि पाणवठ्यांजवळ हिरवीगार, सावलीची झाडी आढळते. उघड्या उतारांवरील झाडे उन्हाळ्यात पाने गाळतात. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा, सावर, कुंभा, कुडा आणि साग हे येथील प्रमुख वृक्ष होत. सीतेचा अशोक, सर्पगंधा यांसारख्या औषधी वनस्पतींचीही नोंद झाली आहे. वृक्ष, झुडपे, वेली आणि गवते मिळून सुमारे सातशे जातींच्या वनस्पती येथे आढळतात.

गारंबी हा अजस्र वेल फणसाडचे वैशिष्ट्य समजला जातो. माणसाच्या मांडीएवढे जाड खोड, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारे वेढे आणि सुमारे एक मीटर लांबीच्या चपट्या शेंगा यांमुळे तो सहज ओळखता येतो. शेंगेतील बिया गोल, चपट्या, तपकिरी आणि अतिशय कठीण असतात. ओढ्यांतून वाहत जाऊन त्या समुद्रात दीर्घकाळ तरंगतात आणि दूरच्या किनाऱ्यांवर रुजू शकतात.

पावसाळ्यात माळांवर गवत आणि रानफुले उगवतात. उन्हाळ्याच्या तोंडावर सावर, पळस आणि पांगारा यांना बहर येतो. त्या वेळी झाडांवर पाने नसल्यामुळे फुलांवर येणारे पक्षी पाहणे सोपे जाते.

## प्राणिजीवन

### सस्तन प्राणी

बिबट्या हा येथील सर्वांत मोठा मांसभक्षक प्राणी आहे. तो मुख्यतः रात्री हिंडतो आणि पर्यटकांना क्वचितच दिसतो. तरस, कोल्हा, रानमांजर, उदमांजर, मुंगूस हे इतर मांसभक्षक तसेच मिश्राहारी प्राणी होत. तृणभक्षकांत सांबर, भेकर, पिसोरी आणि रानडुक्कर यांचा समावेश होतो. साळिंदर, खवले मांजर, वानर आणि ससा हेही येथे आढळतात.

पिसोरी हा भारतातील सर्वांत लहान खूरधारी प्राणी होय. त्याची उंची सुमारे एक फूट असते. त्याला शिंगे नसतात आणि अंगावर पांढरे ठिपके व पट्टे असतात. तो एकट्याने, बहुधा रात्री, पालापाचोळ्यातून वावरतो आणि चाहूल लागताच निश्चल उभा राहतो. त्यामुळे अगदी जवळ असूनही तो नजरेस पडत नाही. जमिनीवरचा पालापाचोळा आणि दाट झुडपे शाबूत असणे ही त्याच्या अस्तित्वाची अट आहे.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ही मोठ्या आकाराची खार दिवसा वावरते. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि शरीराहूनही लांब झुपकेदार शेपूट यांवरून ती ओळखता येते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ती सहा मीटरपर्यंत झेप घेऊ शकते. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या आणि पाने यांचे मोठे घरटे ती बांधते. एक शेकरू एकाहून अधिक घरटी बांधत असल्यामुळे घरट्यांच्या संख्येवरून प्राण्यांची संख्या थेट ठरवता येत नाही. सकाळच्या वेळी तिचा कर्कश, तुटक आवाज दूरवर ऐकू येतो.

### पक्षी

फणसाडमधून दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. धनेश, तुरेवाला सर्पगरुड, स्वर्गीय नर्तक, हळद्या, तांबट, शीळकरी कस्तूर, रानकोंबडा, सुतार, खंड्या, रातवा आणि घुबडांच्या काही जाती येथे दिसतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हा वड, उंबर यांसारख्या झाडांना फळे आली की थव्यांनी येतो. धनेशाची मादी वीण काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला व पिल्लांना बाहेरून अन्न भरवितो. या काळात नराला इजा झाली, तर संपूर्ण कुटुंब संकटात सापडते.

### गिधाडे

रायगड जिल्ह्याचा दक्षिण भाग हा महाराष्ट्रात गिधाडे टिकून राहिलेल्या मोजक्या प्रदेशांपैकी एक आहे. फणसाड आणि म्हसळा तालुक्यातील चिरगाव ही त्यांतील महत्त्वाची ठिकाणे होत. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच वृक्षांवर घरटे करते, तर लांब चोचीचे गिधाड कड्यांवर. मादी एका हंगामात एकच अंडे घालते. त्यामुळे घटलेली संख्या भरून येण्यास फार काळ लागतो.

१९९० च्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडांची संख्या झपाट्याने घसरू लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यास कारणीभूत असल्याचे २००४ साली सिद्ध झाले. या औषधाचा अंश असलेले मृत जनावर खाल्ल्यास गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ साली भारत सरकारने पशुवैद्यकीय वापरासाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांसाठी सुरक्षित आढळले आहे.

औषधाखेरीज खाद्याची टंचाई आणि घरट्यांच्या जुन्या वृक्षांची तोड हीदेखील घटीची कारणे आहेत. मृत जनावरे पुरण्याची पद्धत वाढल्यामुळे गिधाडांचे अन्न कमी झाले. म्हणून फणसाडमध्ये ठरावीक जागी मृत जनावरे ठेवून गिधाडांना सुरक्षित खाद्य पुरविण्याचा उपक्रम राबविण्यात आला. मृत जनावर वन विभागाकडे सोपविणारा पशुपालक आणि सुरक्षित औषध देणारा पशुवैद्य हे दोघे अशा उपक्रमाचे आवश्यक घटक आहेत. अभयारण्याची हद्द गिधाडाला ठाऊक नसते. ते अन्नाच्या शोधात अनेक किलोमीटर दूर जाते. त्यामुळे त्याचे संरक्षण केवळ अभयारण्याच्या आत होऊ शकत नाही.

### सरपटणारे प्राणी आणि फुलपाखरे

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप कोकणात आढळतात. फुरसे आकाराने लहान असून दगडांखाली आणि जांभ्याच्या कातळावर वावरते. अजगर, धामण, घोरपड यांचाही येथे वावर आहे.

फुलपाखरांच्या सुमारे नव्वद जाती येथे नोंदविल्या गेल्या आहेत. त्यांत ब्ल्यू मॉरमॉन या मोठ्या, काळ्या-निळ्या फुलपाखराचा समावेश होतो. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने फुलपाखरे पाहण्यास अनुकूल असतात.

## लोकजीवन

अभयारण्याच्या परिसरात कातकरी, ठाकर, कोळी, आगरी, कुणबी, धनगर आणि मुस्लिम समाजांची वस्ती आहे. पावसाळ्यात भातशेती आणि उरलेल्या काळात मजुरी, पशुपालन, रानमेवा व रानभाज्या विकणे ही अनेक कुटुंबांच्या उपजीविकेची साधने होत. खैराच्या लाकडापासून काथ तयार करण्याच्या जुन्या व्यवसायावरून 'कातकरी' हे नाव आले. झाडे, कंदमुळे आणि प्राण्यांच्या सवयी यांविषयीचे या समाजाचे ज्ञान पिढीजात आहे. जंगलवाटांवर वाटाड्या म्हणून स्थानिक तरुणांना काम मिळाल्यास या ज्ञानाचा उपयोग होतो आणि अभयारण्याच्या रक्षणात त्यांचा सहभागही वाढतो.

जंगल राखण्याचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. रानडुकरे आणि वानरे शेतीची नासाडी करतात, बिबट्या गुरे-वासरे मारतो, आणि चराई व सरपण यांवर मर्यादा येतात. वन्यप्राण्यांमुळे झालेल्या हानीबद्दल शासनाकडून भरपाई मिळते. त्यासाठी पंचनामा आवश्यक असतो. वन हक्क अधिनियम, २००६ नुसार अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचे हक्क अभयारण्यातही विचारात घ्यावे लागतात.

## पर्यटन

### कसे जावे

मुंबईपासून फणसाडचे रस्त्याने अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. अलिबाग, रेवदंडा आणि कुंडलिका खाडीवरील साळाव पूल या मार्गाने सुपेगावकडे जाता येते. मुंबईतून मांडव्यापर्यंत बोटीने येऊन पुढे अलिबागमार्गेही जाता येते. रेल्वेने येणाऱ्यांसाठी रोहा हे सोयीचे स्थानक आहे. मध्य रेल्वेची हद्द येथे संपून कोकण रेल्वे सुरू होते. रोहा शहर आणि त्याला लागून असलेले वरसे येथून मुरुड तालुक्याकडे रस्त्याने जाता येते. मुक्काम, वाहन आणि औषधोपचार यांची सोय रोहा व मुरुड येथे होते. सुपेगाव येथे वन विभागाने निसर्ग माहिती केंद्र आणि तंबू निवासाची व्यवस्था केली आहे.

### हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ जंगलवाटांवरून चालणे आणि पक्षीनिरीक्षण यांसाठी सर्वांत सुखद असतो. मार्च ते मे या काळात उष्मा असला, तरी झाडी विरळ झाल्यामुळे आणि प्राणी पाणवठ्यांजवळ आल्यामुळे ते दिसण्याची शक्यता वाढते. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात आणि ओढ्यांना अचानक पूर येतो. पहाट ते सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा काळ निरीक्षणास योग्य असतो.

फणसाड हे वाघासाठी प्रसिद्ध असलेल्या ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पांप्रमाणे गाडीतून फिरून मोठे प्राणी पाहण्याचे ठिकाण नाही. येथे पायी चालणे, थांबणे आणि ऐकणे यांना अधिक महत्त्व आहे. ठसे, विष्ठा, झाडावरील ओरखडे, शेकरूची घरटी, वानरांचा इशारा देणारा आवाज यांवरून जंगलाचा परिचय होतो.

### निसर्गानुभव

वैशाख महिन्यातील बुद्ध पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांप्रमाणे फणसाडमध्येही पाणवठ्यांवर मचाणे बांधून वन्यप्राण्यांचे निरीक्षण केले जाते. पूर्ण चंद्रप्रकाश आणि उन्हाळ्यामुळे मोजकेच उरलेले पाणी यांमुळे ही रात्र निवडण्यात येते. एकच प्राणी एकाहून अधिक पाणवठ्यांवर जाऊ शकत असल्यामुळे या नोंदी शास्त्रीय गणना ठरत नाहीत. नागरिकांना जंगलाची ओळख व्हावी हा त्यामागील मुख्य हेतू असून अलीकडे या उपक्रमाला 'निसर्गानुभव' असे म्हणतात.

### नियम आणि सुरक्षितता

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी आवश्यक असते. अध्ययन, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन आणि पर्यटन या कारणांसाठी ती दिली जाते. अधिनियमाच्या कलम ३० अन्वये अभयारण्यात आग लावणे किंवा जळती ठेवणे, कलम ३१ अन्वये परवानगीविना शस्त्र नेणे आणि कलम ३२ अन्वये वन्यजीवांना अपायकारक पदार्थ वापरणे यांना मनाई आहे. वाळलेल्या गवतामुळे उन्हाळ्यात एक ठिणगीही वणव्यास पुरेशी होते. म्हणून चूल पेटविणे आणि धूम्रपान टाळणे अत्यावश्यक ठरते.

जंगलात मळकट हिरव्या किंवा तपकिरी रंगाचे, अंग झाकणारे कपडे आणि घोट्यापर्यंतचे बूट वापरणे हितावह असते. वाटाड्याशिवाय आत जाणे, पाणवठ्यात उतरणे, प्राण्यांना खाद्य देणे आणि मोठ्याने संगीत वाजविणे टाळले जाते. पाणवठ्यावर माणसांची गर्दी राहिल्यास तहानलेला प्राणी पाणी न पिताच परततो.

सर्पदंश झाल्यास जखम कापणे, विष चोखणे किंवा घट्ट बंध बांधणे हे उपाय घातक ठरतात. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे हाच योग्य मार्ग आहे. कोकणात लाल विंचवाचा दंशही प्राणघातक ठरू शकतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग रूढ केल्यापासून मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले.

## परिसरातील स्थळे

मुरुडचा जंजिरा किल्ला, पद्मदुर्ग, काशीदचा समुद्रकिनारा आणि रेवदंड्यासमोरील कोर्लई किल्ला ही अभयारण्याजवळची प्रसिद्ध स्थळे आहेत. रोहा तालुक्यात अवचितगड आणि बिरवाडी हे गिर्यारोहकांच्या परिचयाचे किल्ले आहेत. राजपुरीच्या खाडीच्या अंतर्भागात कुडा येथील प्राचीन बौद्ध लेणी आहेत. कोलाड परिसरात कुंडलिका नदीवर रबरी तराफ्यांतून नौकानयन चालते. भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यामुळे ते पावसाळ्याबाहेरही शक्य होते.

## संवर्धनापुढील प्रश्न

वणवे, चोरटी शिकार, अनिर्बंध चराई आणि परिसरात वाढणारे पर्यटन हे येथील प्रमुख प्रश्न आहेत. काशीद आणि मुरुडच्या किनाऱ्यांवर सुट्यांच्या दिवशी मोठी गर्दी होते. रस्ते, विश्रामगृहे आणि वाहने यांच्या वाढीमुळे जंगलाचे तुकडे पडण्याचा आणि कचरा आत पोहोचण्याचा धोका असतो. वणवे रोखण्यासाठी वन विभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो. तथापि, बहुतेक वणवे मानवी कृतीमुळे लागत असल्याने स्थानिक गावांच्या सहकार्यावाचून ते आटोक्यात ठेवणे कठीण असते.

संस्थानकाळात हे जंगल एका व्यक्तीच्या शिकारीसाठी राखले गेले आणि आज ते कायद्याने सर्वांसाठी राखले जाते. मुरुड व परिसरातील वस्तीला मिळणारे पाणी, धूप रोखून टिकलेली भातखाचरे आणि जिल्ह्यात शिल्लक राहिलेली गिधाडे यांचे भवितव्य याच डोंगरांवरील वनाशी जोडलेले आहे.